पत्र्याचीं स्मारकें

गेल्या कांहीं दिवसांत पालघर-बोईसरकडील सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत एक बेत वारंवार ऐकूं येतो. नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झालेलें एखादें टेहळणीचें विमान खटपट करून मिळवावें, तें सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवावें, त्यास झकपक रंग द्यावा, रात्रीं त्यावर दिव्यांचा झोत सोडावा, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं जन्मास आलेल्या आमच्या या जिल्ह्यास एक प्रेक्षणीय स्थळ मिळवून द्यावें, असा हा बेत आहे. तो अद्यापि गप्पांच्याच पायरीवर आहे. आणि म्हणूनच त्याविषयीं चार कडक शब्द बोलण्याची हीच वेळ होय. एकदां चौथरा बांधून झाला, कोनशिलेवर नांवें कोरलीं गेलीं, म्हणजे मग टीकाकारास कपाळास हात लावण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं.

आरंभींच सांगतों, कीं आमचा विरोध विमान आणण्यास नाहीं; विमानाचें सालपट आणण्यास आहे. ज्याचें अंतरंग उपटून काढलें आहे, ज्याच्या खुर्च्या भंगारांत गेल्या आहेत, ज्याच्या दारास कायमचें कुलूप ठोकलें आहे, तें विमान नव्हे. तो विमानाच्या आकाराचा पत्रा होय, आणि अशा पत्र्यास स्मारक म्हणणें ही लोकांची फसवणूक होय. जीर्णोद्धार करावयाचा तर आधीं आंतून करा. तेवढी ऐपत किंवा तेवढी इच्छा नसेल तर विमान मागूंच नका.

हें मत हट्टाचें वाटूं नये म्हणून एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. लढाऊ विमानाचा अर्थ बव्हंशीं त्याच्या आकृतींतच असतो. तें तरवारीसारखें आहे; म्यानाबाहेर ठेवलेली तरवार पाहिली कीं तिचें काम समजतें. आंत एक-दोन माणसें कशीबशीं मावतात, तेव्हां आंत पाहण्यासारखेंही थोडेंच असतें. टेहळणीच्या विमानाची गोष्ट निराळी. तें बाहेरून पाहाल तर पुष्कळदां साधें उतारूंचें विमान वाटावें, आणि मूळचें तें तसेंच असतें. १९७७ सालीं आपल्या नौदलांत आलेलें आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झालेलें आयएल-३८ हें आयएल-१८ या उतारूंच्या विमानावरून घडविलेलें होतें. आज तें काम करणारें पी-८आय हें बोइंग ७३७ चें भावंड आहे. मग टेहळणी विमानाचें वेगळेपण कोठें? तें त्याच्या पोटांत. तेथें रडारचा पडदा, तेथें समुद्रांत टाकावयाचीं सोनोबॉय नांवाचीं तरंगतीं श्रवणयंत्रें, तेथें नकाशाचें मेज, बिनतारी संदेशाचें यंत्र, डोळे फुटेपर्यंत पाण्याकडे पाहत बसण्याची खिडकी, आणि तेथेंच चहा तापविण्याची चिमुकली जागा. अशा विमानांतील माणसें दहा-दहा तास समुद्रावर हिंडत, आणि बहुतेक दिवशीं त्यांस कांहींच दिसत नसे. कांहींच न दिसतां जागें राहणें हाच त्यांचा पराक्रम. हा पराक्रम पंखांवर लिहिलेला नसतो. तो खुर्चीच्या झिजलेल्या हातावर लिहिलेला असतो. ती खुर्ची काढून पंख तेवढे रंगविले, तर आपण नेमकें काय जतन केलें?

आमच्या किनाऱ्यास तर हा प्रश्न दूरचा वाटूं नये. अर्नाळा, केळवे, शिरगांव, तारापूर ही किल्ल्यांची माळ म्हणजे एका काळची टेहळणीच होती. १७३९ च्या जानेवारींत तारापूरच्या मोहिमेंत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले आणि त्याच वर्षींच्या मे महिन्यांत वसई पडली, हें शाळेंतील मुलांस ठाऊक असतें. परंतु या किल्ल्यांवरील पहारेकरी कोठें निजत, काय रांधीत, रात्रींच्या पाळीस कोठें उभे राहत, हें त्या मुलांस कोण दाखविणार? तट आपल्यापाशीं उरले. तटांमागील जीवन उरलें नाहीं. तें उरलें नाहीं याचा दोष दोन-अडीचशें वर्षांच्या काळावर तरी ढकलतां येतो. पण जें विमान परवांपरवांपर्यंत उडत होतें, ज्यांत बसलेलीं माणसें आज आपल्या शेजारीं राहतात, त्याचें अंतरंग नाहींसें झालें तर दोष काळावर कसा ढकलणार? आणि टेहळणीचें महत्त्व तरी जुनें कोठें झालें आहे? २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर चालून आलेले दहा जण ‘कुबेर’ नांवाची मासेमारी नौका बळकावून याच समुद्रांतून आले. सातपाटीच्या कोळ्यास समुद्रावरील पहाऱ्याचा अर्थ आमच्यापेक्षां अधिक चांगला कळतो.

आतां या जुन्या विमानांचें आपण आजवर काय केलें तें पाहूं. यांतील पहिलाच अध्याय महाराष्ट्रांतला आहे, आणि तो जितका अभिमानाचा तितकाच लाजेचा आहे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर कानपुरास लिबरेटर जातीचीं पुष्कळ बाँबफेकी विमानें टाकून देण्यांत आलीं होतीं. तीं पुन्हां उडूं नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून मोडतोड करण्यांत आली होती. १९४८ सालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें तीं उचलण्याचें मनावर घेतलें. उडण्यापुरती डागडुजी करून जमशेद मुन्शी या वैमानिकानें तीं एकेक करून बंगलोरास नेलीं, आणि तेथें चाळीसांच्या आसपास विमानें पुन्हां सेवेस योग्य करण्यांत आलीं. पुढें हवाईदलाचें सहावें पथक पुण्याच्या लोहगांवाहून याच लिबरेटरांनीं समुद्राची टेहळणी करीत असे. ज्या शहरास समुद्राचा वारा लागत नाहीं त्या शहरानें किनाऱ्याचा पहारा करावा, हा मोठा मौजेचा योग होय. १९६८ सालीं तीं निवृत्त झालीं, तेव्हां लिबरेटर वापरणारें जगांतील तें अखेरचें हवाईदल होतें.

येथवर अभिमान. आतां पुढील भाग ऐका. युद्धकाळांत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधले गेले, पण अमेरिकेनें आणि ब्रिटननें आपले जवळजवळ सगळे मोडीत काढले होते. जाग आल्यावर त्यांनीं शोध केला, तों शाबूत विमानें सांपडलीं तीं आपल्याकडे. मग एक १९६८ सालीं कानडास गेलें, एक १९६९ सालीं अमेरिकेंत ॲरिझोनास गेलें, एक १९७४ सालीं ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयास गेलें. एक दिल्लीस पालमच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. आणखी एक आपल्या देशांत मोडक्या अवस्थेंत पडून होतें; तें १९८१ च्या सुमारास एका ब्रिटिश संग्राहकानें नेलें, त्याच्याकडून तें १९८४ सालीं अमेरिकेंतील कॉलिंग्ज फाउंडेशननें घेतलें, आणि १९८९ सालीं तें पुन्हां आकाशांत उडालें.

विमान उडालें यापेक्षां आम्हांस दुसऱ्याच गोष्टीचें अधिक कौतुक वाटतें. त्या संस्थेनें विमानाचें पोट पुन्हां भरलें. बंदुकांच्या जागा, प्राणवायूच्या नळ्या, बिनतारी संदेशवाहकाचें मेज, सगळें जागच्या जागीं बसविलें, आणि गांवोगांवच्या विमानतळांवर लोकांस आंतून चालूं दिलें. लिबरेटरच्या मधोमध, बाँब टांगण्याच्या पोकळींतून जाणारी एक अरुंद फळी असते. तिची रुंदी अवघी नऊ इंच, म्हणजे वीतभर. जाड कपडे अंगावर असतांना, थंडीनें बोटें आंखडलेलीं असतांना, दहा जणांचा तांडा त्या वीतभर फळीवरून मागेंपुढें जात असे. एका मुलानें ती फळी ओलांडली, म्हणजे दहा व्याख्यानांनीं न समजणारी गोष्ट त्यास समजते. हेंच विमान बाहेरून पाहिलें असतां तो मुलगा एवढेंच म्हणेल, ‘केवढें मोठें आहे!’ आणि पुढें आइस्क्रीमच्या गाडीकडे वळेल.

कोणी म्हणेल, परदेशांतील धनिकांचे दाखले आम्हांस नकोत. ठीक आहे, घरचा घ्या. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २०१७ च्या डिसेंबरांत टीयू-१४२ हें विमान लोकांस खुलें झालें. १९८८ पासून एकोणतीस वर्षें सेवा केलेलें हें त्रेपन्न मीटर लांबीचें अजस्र धूड. परंतु तेथें प्रेक्षकास त्याच्या पोटांत शिरतां येतें. म्हणजे ‘आपल्याकडे हें होणें नाहीं’ ही सबब मुळांतच खोटी आहे.

आंतील जीर्णोद्धार म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न मात्र सोपा नाहीं, हें आम्ही कबूल करतों. गोव्यास बोगमाळो येथें १९९८ पासून नौदलाचें विमान-संग्रहालय आहे. तेथें एक सुपर कॉन्स्टेलेशन उभें आहे. या जातीचीं विमानें एअर इंडियाकडे १९५४ पासून येऊं लागलीं, तेव्हां त्यांत परदेशगमन करणारे धनिक उतारू बसत. पुढें कांहीं विमानें हवाईदलाकडे गेलीं, आणि १९७६ सालीं त्यांतलीं पांच नौदलानें टेहळणीसाठीं घेतलीं. एकाच पोटानें तीन संसार पाहिले! मग जीर्णोद्धार करतांना कोणता संसार मांडावा? सौंदर्याचा लोभी मनुष्य म्हणेल, उतारूंचा. गुबगुबीत खुर्च्या आणि पडदे लावा, लोक खूष होतील. आमचें उत्तर असें, कीं ज्या कामावरून तें निवृत्त झालें आणि ज्याचा पुरावा हातीं आहे तेंच काम दाखवावें. आधींच्या दोन संसारांच्या खुणा आढळतील तेथें त्या पुसूं नयेत. जीर्णोद्धारकास कवीचें स्वातंत्र्य नसतें. त्यानें संपादकासारखें वागावें. पोथींत जेथें अक्षर गळालें आहे तेथें आपल्या पदरचें घालूं नये, घातलेंच तर खूण करून घालावें.

दोन-तीन वर्षांपूर्वीं आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह असें एक निवृत्त विमान पाहण्यास गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण दोष त्या एका गांवाचा नाहीं. आमच्याबरोबर बोईसरचे एक गृहस्थ होते. त्यांनीं तारुण्यांत नौदलाच्या टेहळणी विमानांत काम केलें होतें. बाहेरचा रंग ताजा होता. रखवालदारास विनवून आम्ही आंत शिरलों. आंत पारव्यांची विष्ठा, कापलेल्या तारांचे झुबके, आणि यंत्रें उपटल्याचीं चौकोनी भोंकें. विद्यार्थी नाकास रुमाल लावून दोन मिनिटांत उतरले. ते गृहस्थ मात्र एका ठिकाणीं थांबले, जमिनीवरील चार खिळ्यांच्या छिद्रांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘सर, ही माझी खुर्ची. उजव्या हाताला पडदा होता. डोळे दुखायला लागले कीं शेजारचा म्हणायचा, आतां तूं चहा पी, मी बघतों.’’ एवढें बोलून ते गप्प झाले. परतीच्या प्रवासांत विद्यार्थ्यांनीं त्यांस तासभर प्रश्न विचारले. विमानानें जें शिकविलें नाहीं तें चार छिद्रांनीं आणि एका माणसानें शिकविलें. पण छिद्रें बोलत नाहींत, आणि तीं ओळखणारा मनुष्य कायमचा पुरणारा नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा, कीं लष्करी यंत्रें गुप्त असतात. तीं काढूनच विमान दिलें जातें, मग आंत दाखवावयाचें काय? यंत्रें काढावींतच, त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु काढण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावयास, मोजमापें लिहून ठेवावयास, रिकाम्या पेट्या जागच्या जागीं ठेवावयास काय हरकत आहे? ‘येथें अमुक यंत्र होतें, तें काढून घेतलें आहे’ अशी पाटी असलेली रिकामी जागा प्रामाणिक असते. लुटलेल्या घराची पोकळी आणि विचारपूर्वक मोकळी ठेवलेली जागा यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुपोषणाशीं झगडा चालू आहे तेथें विमानाच्या पोटावर पैसे कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारीं नेत नाहीं. या कारणास्तव कोणी विमानच नको म्हणेल तर आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. पण चौथरा, कारंजें, दिवे आणि उद्घाटनाचा मांडव यांस पैसे आहेत, आणि आंतील कामाचा विषय निघतांच तेवढे मोखाड्याचे पाडे आठवतात, हा दांभिकपणा आम्ही चालूं देणार नाहीं. आंतील कामास पैशापेक्षां हात आणि चिकाटी अधिक लागते, आणि त्या हातांस तें काम शिकवून जातें.

तिसरा आक्षेप आमच्याच व्यवसायांतील विचारी मंडळींचा आहे. तीं म्हणतात, लष्करी विमान उभें करणें म्हणजे मुलांच्या मनांत युद्धाची हौस भरणें होय. आम्हांस नेमकें उलट वाटतें. युद्धाची हौस बाहेरच्या चकचकीत पत्र्यानें उत्पन्न होते. आंतील अडचण, कुबट वास, थकवा पाहून ती ओसरते. १ ऑक्टोबर २००२ रोजीं गोव्यास दोन आयएल-३८ विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं आणि दोहोंतील मिळून बारा नौसैनिक मरण पावले. बारा हा आंकडा वर्तमानपत्रांत वाचणें वेगळें, आणि तसल्या विमानांत शिरून खुर्च्या मोजणें वेगळें.

चौथा आक्षेप, ‘लोकांना फोटो काढण्यापुरतेंच हवें असतें.’ याला आम्ही आक्षेप न म्हणतां उद्दामपणा म्हणतों. लोकांस आपण दुसरें कांहीं दाखविलें केव्हां?

केवळ दोष देऊन थांबणें आम्हांस मान्य नाहीं. म्हणून करावयाचें काय तेंही सांगतों. विमान उघड्यावर ठेवूं नये. आमच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवेंत बारमाही मीठ असतें. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूस मीठ आंतल्या आंत पोखरतें. वरचा रंग तजेलदार दिसतो आणि खालीं पत्र्याचे पापुद्रे सुटत असतात. तेव्हां चौथऱ्याआधीं छप्पर. त्यानंतर पहिलें वर्ष कोणींही ब्रश हातीं घेऊं नये. प्रत्येक खुर्ची, कळ, पाटी, तार यांची नोंद करावी. जुन्या रंगावरील अक्षरें हा दस्तऐवज आहे. त्यावर नवा रंग फासणें म्हणजे ताम्रपट घासून लख्ख करण्यासारखें होय. पारवे-उंदीर यांचा बंदोबस्त सर्वांत आधीं, कारण त्यांच्या मलमूत्रानेंही धातू झिजतो. नवा भाग बसविणें भाग पडलें तर तो नवा आहे हें जवळून पाहणाऱ्यास कळावें आणि उद्यां काढतां यावा, अशा रीतीनें बसवावा.

आणखी एक गोष्ट आमच्या भागास विशेष लागू आहे. महायुद्धकाळांतील विमानांच्या घड्याळवजा मापकांवर रात्रीं दिसावे म्हणून रेडियममिश्रित रंग लावीत. त्याची चमक कांहीं वर्षांत जाते. रेडियमचें अर्धायुष्य मात्र सुमारें सोळाशें वर्षें असतें. चमक नाहीं म्हणून धोका नाहीं, असें समजून एखादा हौशी मनुष्य तें मापक घरीं खरवडीत बसला तर अनर्थच. हें जाणणारीं, किरणोत्सर्ग मोजणारीं माणसें देशांत कोठें सांपडतील? १९६९ पासून वीज देऊं लागलेलें अणुवीजकेंद्र ज्या तारापुरास आहे, तेथें सांपडणार नाहींत तर कोठें? बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा वळविणारे, झाळणारे, साचे करणारे कुशल कारागीर आहेत. पालघरास शिकूं इच्छिणारीं मुलें आहेत. आणि नौदलांतून निवृत्त झालेले लोक आमच्या गल्ल्यांतून संध्याकाळीं फिरावयास जातांना दिसतात. सामग्री सगळी आहे. उणीव आहे ती आधीं आंत पाहण्याच्या संवयीची.

ही संवय नसली म्हणजे काय होतें, तें मुंबईनें पाहिलें आहे. १९९७ सालीं निवृत्त झालेली विक्रांत ही युद्धनौका २०१२ पर्यंत तेथें संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्यावर चढून मुलें अलीझे या पाणबुडीशोधक विमानापाशीं उभीं राहत. २०१४ सालीं ती मोडीत निघाली, आणि तिचें कांहीं पोलाद मोटारसायकली घडविण्यास गेलें. त्या वेळीं सर्वांनीं हळहळ व्यक्त केली. हळहळ आम्हांस सदैव स्वस्त पडते.

पालघर-बोईसरच्या उत्साही मंडळींस आमचें सांगणें इतकेंच आहे. विमानासाठीं अर्ज करण्यापूर्वीं एक वही घ्या आणि त्या बोईसरच्या गृहस्थांसारख्या माणसांकडे जा. खुर्ची कोठें होती, पडदा कोणत्या हातास होता, चहा कोण करी, झोंप कशी आवरीत, हें सगळें लिहून काढा. ती वही भरली कीं मग विमान आणा. वही भरण्याचा कंटाळा येत असेल तर चौथराही बांधूं नका. तेवढ्या सिमेंटांत एखाद्या शाळेची गळकी भिंत दुरुस्त होईल, आणि तें काम निदान खरें असेल.